चिंक्वे तेर्रेत वेलीआधी गडगा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर, चिंक्वे तेर्रेत द्राक्षमळ्याचं काम शिकायला जाणाऱ्याने कात्री नंतर उचलावी. आधी कोकणातला गडगा आठवावा. १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेली तिथली डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेती अशाच बिनचुन्याच्या दगडी बांधांवर उभी आहे.

पडीक पायरीवरच्या काटेरी जाळ्या खुशाल काढा, पण बांधात रुजलेलं झाड उपटू नका, बुंध्याशी कापा. मूळ ओढलं की बांधही सोबत येतो.

ढासळलेला भाग पक्का थर लागेपर्यंत उतरवा. पायाचे धोंडे, दर्शनी दगड आणि चिपा (दगडाचे बारीक तुकडे) यांचे वेगळे ढीग करा. पाया खडकापर्यंत किंवा घट्ट जमिनीपर्यंत न्या, तळ डोंगराकडे उतरता ठेवा. दोन मीटर उंच बांधाला तळाशी ७०-८० सेंटिमीटर जाडी आणि दर मीटरला १०-१५ सेंटिमीटर आत कल लागतो. दर थरात सांधेमोड हवी, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ नये, आणि दगडाची लांबी डोंगरात शिरायला हवी. नवशिका लांब बाजू दर्शनाला लावतो, कारण तसं काम भराभर चढतं. पहिल्या जोराच्या पावसात त्याचा बांध पोट काढतो. मागे किमान ३० सेंटिमीटर नुसत्या चिपा भरा, माती अजिबात नको. बांध पाडतं ते मागे तुंबलेलं पाणी. सिमेंटने सांधे बुजवले की त्याला वाटच उरत नाही. सरावलेल्या हातालाही दिवसाकाठी दीड-दोन चौरस मीटरच होतात, तेव्हा पूर्ण उताराचे बेत आखू नका.

वेली बोस्को, अल्बारोला, वेर्मेंतिनो या जातींच्या; खारट वाऱ्यामुळे मांडव बुटका, वाकून काम. नाशिकसारखी एप्रिल-ऑक्टोबरची दुहेरी छाटणी इथे नाही. वेल हिवाळ्यात झोपते, म्हणून छाटणी तेव्हाच, एकदा. म्हातारं खोड एका दमात तोडू नका. मोठ्या जखमेतून ते आत वाळत जातं. कलमाच्या सांध्याच्या वर फुटलेली काडी राखून दोन-तीन हिवाळ्यांत खोड बदला. तुटाळ, म्हणजे मेलेल्या वेलींच्या जागा, भरायला फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीमुळे खुंटावरचं कलमच हवं. कोरड्या उताराला ११० रिक्टर किंवा ११०३ पॉलसेन जातीचा खुंट चालतो. नव्या जागी लागवड करायची तर युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे परवाना लागतो.

जुन्या दगडी खोपटाचं छप्पर आधी, भिंती मग. दगडांमधल्या दर्जांतलं (सांध्यांतलं) सिमेंट छिन्नीने काढून एक भाग हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याने घट्ट होणारा चुना, तीन भाग चाळलेली वाळू भरा. पारा पाच अंशांखाली असेल तर काम थांबवा. भरलेल्या दर्जा काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, नाहीतर चुना भुरभुरतो.