दुखणं थांबलं म्हणजे हाड वाचलं असं नाही: आमवातात या चुका टाळा

ठाणे स्टेशनात लोकलमध्ये चढताना दारातला खांब धरता आला नाही तर काय होतं, ते रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. एका डिसेंबरात मी हात पुढे केला आणि बोटं मिटेनातच. मागच्या बायकांनी रेटून आत घातलं म्हणून गाडी मिळाली. साडेदहाला ऑफिसात तीच बोटं खुशाल टाइप करत होती. ‘थंडी आहे’ म्हणून मी आठ महिने काढले. ठाण्यात थंडी ती कसली, पण कारण म्हणून पुरली.

पहिली चूक इथेच होते. दुखला सांधा की आपण सगळ्यालाच ‘वात’ म्हणतो. वयाची झीज वापरल्यावर दुखते: जिने चढून, दिवस संपताना. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए), उलटा वागतो. रात्रभर आराम करून उठावं तर सांधे आखडलेले, अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त, आणि हालचाल केली की मोकळे. सूज बहुधा दोन्ही हातांना, बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांवर, मनगटात. नखाजवळचा सांधा सहसा सुटतो. चिकुनगुन्यानंतरही असंच दिसतं, पण सूज सहा आठवडे हटली नाही तर वाट पाहू नका, संधिवाततज्ज्ञ गाठा. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी ‘युरिक अ‍ॅसिड असेल’ म्हणून माझी डाळ आणि टोमॅटो बंद केले. तो गाऊट, बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होणारा वेगळा आजार. आमटी उगाच सोडली मी.

सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक: पेनकिलरने बरं वाटलं म्हणजे आजार आवरला असं समजणं.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, एरवी पेशींच्या एक-दोन थरांचं. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा त्याच्यावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि कडेने कूर्चेवर, म्हणजे आपण जिला ‘गादी’ म्हणतो तिच्यावर, पसरत जातं. त्यातून सुटणारी विकरं (एन्झाइम्स) गादीतलं कोलॅजेन विरघळवतात. गादीला ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू. म्हणून ती खाल्ली जाताना स्वतः ओरडत नाही आणि गेलेली पुन्हा नीट भरूनही येत नाही. दुखतं ते सुजलेल्या अस्तरामुळे, आसपासच्या भागामुळे.

हाडाचं पाहायचं तर नौपाड्यातलं रीडेव्हलपमेंट डोळ्यांसमोर आणा. हाडात जुनं पाडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवं बांधणाऱ्या वेगळ्या. दोघींचा मेळ असतो तोवर ठीक. सुजलेलं अस्तर ‘रँक-एल’ नावाचा निरोप पाठवून पाडणाऱ्यांची फौज वाढवतं आणि बांधणाऱ्यांना दाबून ठेवतं. इमारत पाडली, बिल्डर गायब! सांध्याच्या कडेला, जिथे हाडावर गादीचं आवरण नसतं, तिथे पहिले खड्डे पडतात आणि अनेकांना ते पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात. पेनकिलर सूज-वेदना कमी करते, ही पाडापाडी थांबवत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी आजाराचा वेग रोखणारी औषधं लागतात, आणि त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. ‘महिना झाला, फरक नाही’ म्हणून सोडून देणारे इथेच फसतात.

‘एक्स-रे स्वच्छ आहे’ आणि ‘रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे’ या दोन वाक्यांनी मलाही गाढ झोप लागली होती. एक्स-रेत खड्डा दिसतो तो पडून गेल्यावर. अस्तराची सूज सोनोग्राफीत आधी दिसू शकते. आरए फॅक्टर तर आमवाताच्या साधारण दर पाच रुग्णांतल्या एकाला तरी नसतोच. अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी चाचणीही करून घ्या. आणि उलट, नुसता फॅक्टर आला म्हणून आजार झाला असंही नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, माझा रविवार. फॉलिक अ‍ॅसिड सांगितल्याप्रमाणे घ्या, रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

कुणाच्या पुडीने दोन दिवसांत जादू झाली, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, तर आत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. तीही मनाने एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. सिगारेट मात्र आजच बंद करा.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर ‘नेहमीचंच’ म्हणून गोळी घेऊन झोपू नका. सांध्यात पू झाला असेल तर गादी काही दिवसांतच जाते, आणि आमवाताच्या औषधांवर असणाऱ्यांना हा धोका जास्त. त्याच दिवशी हॉस्पिटलात जायचं, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही.