पट्टे दिसले म्हणजे थर नव्हेत

पहिल्या फील्ड सीझनमध्ये मी अभ्रकी शिस्टमधल्या (दाब-उष्णतेने बदललेल्या, पापुद्र्यांच्या खडकातल्या) ठळक पट्ट्यांचे डिप-स्ट्राइक (कल किती आणि कोणत्या दिशेला, याची मापं) घेत आठवडा घालवला. नकाशा झाला साधासरळ: सगळे थर एकाच बाजूला कललेले. मग सरांनी एका उघड्या कड्यापाशी नेलं. क्वार्ट्झाइटचा, म्हणजे मूळ वाळूच्या थराचा, फिकट पट्टा तिथे केसाच्या पिनेसारखा दुमडला होता आणि माझे ‘थर’ त्या वळणाला आरपार छेदून जात होते. मी मोजत होते ते फोलिएशन, म्हणजे दाबाखाली खनिजं एका दिशेत लागून खडकाला आलेले पापुद्रे. घडीच्या भुजांवर (वळणाच्या दोन्ही बाजूंना) ते मूळ थरांना जवळजवळ समांतर असतं, म्हणून फसायला होतं. खरं काय ते वळणावरच कळतं. म्हणून नवीन भागात गेलात की आधी वळणं शोधा, कंपास नंतर काढा.

वळण सापडत नसेल तर छोट्या घड्या बघा. मोठ्या घडीच्या एका भुजेवर त्या ‘एस’सारख्या असतात, दुसरीवर ‘झेड’, वळणापाशी ‘एम’. मात्र दर वेळी घडीचा अक्ष (ज्या रेषेभोवती खडक दुमडतो ती) ज्या बाजूला खाली उतरतो तिकडे तोंड करूनच बघा, नाहीतर एसचा झेड होतो. (माझ्या वहीची चार पानं यात गेली.)

नमुना फोडण्याआधी त्यावर डिप-स्ट्राइकची खूण करा. विसरलात तर ०.०३ मिमीच्या थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ कापात) गार्नेट या खनिजाचा सुंदर स्फटिक दिसेल, पण त्याची दिशा सांगता येणार नाही. आणि खरी गंमत गार्नेटमध्येच आहे. आतल्या समावेशांच्या (वाढताना अडकलेल्या इतर खनिजकणांच्या) रेघा सरळ आणि बाहेरचं फोलिएशन चुरगळलेलं असेल, तर गार्नेट त्या चुरगळण्याआधी वाढलं. रेघा गोल फिरलेल्या असतील तर गार्नेट फिरलं की भोवतालचं फोलिएशन, हा वाद कित्येक दशकं चालू आहे. तोंडी परीक्षेत बाजू घेण्याआधी दोन्हीकडचं वाचून जा.

भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये खनिजांवरून रूपांतरणाचे (दाब-उष्णतेने खडक बदलण्याचे) पट्टे आखले. बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट हा वाढत्या तापमानाचा क्रम आज सगळ्यांना पाठ असतो. पण या पट्ट्यांच्या सीमा घड्यांप्रमाणे वळतीलच असं नाही. भूखंडांच्या टकरीत पृथ्वीचं कवच जाड होतं ते लवकर, खडक तापतो सावकाश. दाब उतरायला लागल्यावरही तापमान चढत राहू शकतं. त्यामुळे सीमा घडीला सरळ छेदून गेलेली दिसली तर नकाशा खोडू नका. घडी आधी पडली, खनिज मागून आलं.