एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, घरातल्या वायरिंगबाबत या चुका टाळा

आमच्या गिझरची पिन बरेच दिवस गरम व्हायची. आंघोळ झाल्यावर काढायला गेलं की चटका बसायचा आणि मी म्हणायचो, गिझर आहे, एवढं तर होणारच. मग एकदा पिन निघेचना, जोर लावून ओढली तर पितळेचा एक पाय काळा पडलेला, सॉकेटचं भोक तपकिरी होऊन वितळलेलं आणि आत वायरचं कव्हर करपून कडक झालेलं, बोट लावलं की तुकडे पडत होते. एवढं सगळं झालं तरी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच, एकदाही पडला नव्हता.

तो का पडला नाही हे समजून घ्या, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एमसीबी करंट बघतो, किती करंट जास्त झाला ते. स्क्रू ढिला असेल किंवा सॉकेटची पकड सैल झाली असेल तर करंट तेवढाच राहतो, २००० वॅटच्या गिझरला २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर, पण तो सगळा करंट एका छोट्याशा टेकलेल्या जागेतून जातो आणि ती जागा तापते. तापली की काळी पडते, काळी पडली की अजून तापते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कळतं ते तुमच्या हाताला आणि नाकाला. म्हणून जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास आला, बोर्डातून चर्रर्र आवाज आला किंवा बटणाभोवती पिवळट डाग दिसला तर ते बटण वापरणं बंद करायचं, त्या लाईनचा एमसीबी खाली पाडायचा आणि वायरमनला बोलवायचं. वास थोड्या वेळाने गेला म्हणून सोडून देऊ नका, लोड बंद झाला म्हणून तो गेलेला असतो.

याच्या उलट चूक म्हणजे एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवणं, किंवा जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालणं. असं अजिबात करू नका! एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो आणि वायर तर तीच राहिली ना, करंट दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते. वारंवार पडत असेल तर एकेक उपकरण काढून बघा, कोणतं लावल्यावर पडतो ते. सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा खुद्द एमसीबीत आहे, मग पुन्हा पुन्हा वर करत बसू नका.

फ्रिजला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि घरात सगळे एकमेकांना सांगतात की चप्पल घालून हात लाव. अहो चप्पल हा उपाय नाही, करंट उपकरणाच्या बॉडीत उतरतोय आणि बहुतेक अर्थिंग तुटलेलं आहे किंवा कुणीतरी तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात बसवलाय. इथेही एमसीबी कामाचा नाही, माणसाचा जीव घ्यायला ५०-१०० मिलीअँपिअरही पुरू शकतात, एवढ्याशाने तो पडत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, लागतो. तो असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा, दाबल्यावर लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर बदला.

मोटर किंवा फ्रिज सुरू होताना लाईट क्षणभर मंद होते, ते एवढं घाबरण्यासारखं नाही. पण एका खोलीत बल्ब मिणमिणतोय आणि दुसऱ्या खोलीत एकदम भगभगीत झालाय, पंखा नेहमीपेक्षा जोरात पळतोय, असं दिसलं तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सुटलेला असू शकतो. तीन फेजच्या लाईनवर अशा वेळी २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज उपकरणांना मिळू शकतं. काय झालं ते शोधत बसू नका, आधी मेन बंद करा.

एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर, हीटर, इस्त्री लावू नका, आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड तर नकोच. बोर्ड चालू असताना त्याची वायर हातात धरून बघा, कोमट लागली तरी लोड कमी करा.

आणि बोर्डातून धूर निघालाच तर पाणी मारू नका. मेन बंद करायला सुरक्षित पोचता येत असेल तरच करा, नाहीतर घरातल्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.