मसल कारचं (मोठ्या ताकदीच्या अमेरिकी गाडीचं) वजन: ब्रोशरमधले आकडे एका मापात आणून तुलना कशी करायची

नवी फोर्ड मस्टँग जीटी ४८० अश्वशक्तीची, इलेक्ट्रिक डॉज चार्जर डेटोना स्कॅट पॅक ६७० ची. एवढंच वाचलं तर निकाल लागल्यासारखा वाटतो. आता वजनाने भागा. मस्टँग १,७३८ किलो, म्हणजे टनाला २७६ अश्वशक्ती. चार्जर २,६४८ किलो, म्हणजे टनाला २५३. त्यातही ६७० हा आकडा पॉवरशॉटचं बटण दाबल्यावर काही सेकंदांपुरता. एरवी ६३०, म्हणजे टनाला २३८.

हा भागाकार कुणालाही जमतो. चूक होते ती त्याआधी, वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेली वजनं शेजारी मांडल्यावर.

आधी वजन कुठलं ते ठरवा. अमेरिकी ‘कर्ब वेट’मध्ये टाकी भरलेली असते, ऑइल-कूलंट असतं, ड्रायव्हर नसतो. युरोपीय आकड्यात टाकी ९० टक्के आणि वर ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो. मस्टँगची टाकी साधारण ६० लिटरची; पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आत भरतं, म्हणजे पूर्ण टाकी सुमारे ४५ किलो. हिशेब केला तर एकच गाडी अमेरिकी कागदावरून युरोपीय कागदावर गेली की ७० किलोंनी वाढते, आणि गाडीत एक नटही जास्त बसलेला नसतो. आपल्या आरसीवरच्या ‘अनलेडन वेट’मध्ये ड्रायव्हर नसतो. ‘ड्राय वेट’ दिसलं तर सोडून द्या, तेल-पाणी काढलेली गाडी कुणी चालवत नाही.

१९६० च्या दशकातल्या गाड्यांशी तुलना करताना आणखी एक खोच आहे. सहा सिलिंडरच्या पहिल्या मस्टँगचं वजन ११०० किलोच्या थोडं वर सांगतात. तो बहुधा ‘शिपिंग वेट’चा आकडा असतो, भरलेल्या टाकीशिवायचा. शिवाय ती साधी सहा सिलिंडरची गाडी. आजच्या व्ही-८ शेजारी ती ठेवून ‘वजन दीडपट झालं’ म्हणणं बरोबर नाही. व्ही-८ ला व्ही-८ च लावा.

पौंडाचे किलो करायला ०.४५३६ ने गुणा. तोंडी करायचं तर निम्मं करून त्यातून दहा टक्के वजा करा. उत्तर पंधरा-वीस किलो कमी येतं, गप्पांना पुरे, तक्त्याला नाही.

मग ताकद. अमेरिकी एचपी (अश्वशक्ती) आणि पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) यांत दीड टक्क्याचा फरक आहे, त्याची फार चिंता नको. मोठा फरक देशाप्रमाणे पडतो. २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आलेली मस्टँग जीटी उजव्या स्टिअरिंगची आणि ४०१ पीएसची, म्हणजे ३९५ अश्वशक्तीच्या आसपास. तीच गाडी अमेरिकेत ४३५ ची होती. अमेरिकी मॅन्युअल गाडीचं १,६८१ किलो वजन दोन्हीकडे धरलं तरी टनाचा आकडा २५९ वरून २३५ वर येतो. गोव्यात जुनी मस्टँग घेताना परदेशी व्हिडिओतला आकडा विक्रेता सांगत असेल तर हा फरक त्याच्यासमोर मांडा. आणि १९७२ च्या आधीची अमेरिकी अश्वशक्ती ‘ग्रॉस’ असायची: अल्टरनेटर, एअर फिल्टर, गाडीचा खरा एक्झॉस्ट न लावता इंजिन स्टँडवर मोजलेलं. तो आकडा आजच्या आकड्यांच्या रांगेत बसवूच नका.

एका मापात आणलेला तक्ता असा (अमेरिकी कर्ब वेट):

शेव्हरोले कमारो एसएस २०१०: १,७५१ किलो
कमारो एसएस २०१६: १,६७१ किलो, ४५५ अश्वशक्ती, टनाला २७२
मस्टँग जीटी २०१५, मॅन्युअल: १,६८१ किलो
मस्टँग जीटी २०२४, मॅन्युअल: १,७३८ किलो
डॉज चॅलेंजर हेलकॅट २०१५: सुमारे २,०१८ किलो, ७०७ अश्वशक्ती, टनाला ३५०
चार्जर डेटोना स्कॅट पॅक: २,६४८ किलो

यात कमारो नीट पाहा. वजन वाढतच जातं असं सगळे म्हणतात, पण २०१६ ला ती ८० किलोंनी उतरली, कारण कॅडिलॅक एटीएसचा लहान अल्फा प्लॅटफॉर्म (गाडीचा पाया) तिला मिळाला. चॅलेंजरचं उलट. ती मोठ्या चार दारांच्या सेडानच्या पायावर उभी होती, पाच मीटरहून लांब. त्यात सुपरचार्जर, त्याचं कूलिंग आणि मोठे ब्रेक आले. ज्याचा पाया जड त्याची गाडी जड, बाकी एअरबॅग वगैरे नंतरची. चार्जरमध्ये हा मान १०० किलोवॅट-तासांच्या बॅटरीचा. व्हेरियंटही तपासा: ऑटोमॅटिक जड, कन्व्हर्टिबल मस्टँग पन्नासेक किलोंनी जड. २०१८ च्या चॅलेंजर डीमनमध्ये तर फक्त ड्रायव्हरची सीट होती, पुढची दुसरी आणि मागची प्रत्येकी एक डॉलर देऊन घ्यायची. दोन्ही घेतल्या की ५० किलो परत आले, आणि जाहिरातीतलं वजन तुमच्या गाडीचं राहिलं नाही.

स्वतः वजन करायचं तर वे-ब्रिजवर. गोव्यात औद्योगिक वसाहतींच्या आसपास आणि डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात ट्रकचे काटे असतात. काटा निवडताना प्लॅटफॉर्म जमिनीच्या पातळीत आहे ना ते आधी पाहा. उंच चढणीच्या काट्यावर मस्टँगच्या पुढच्या बंपरची खालची कड घासते, आणि चाकं चढणीवर राहिली तर पुढच्या-मागच्या चाकांवरचं वेगवेगळं वजनही चुकतं. हे काटे सहसा १० किंवा २० किलोच्या टप्प्याने दाखवतात, त्यामुळे सायलेन्सर बदलून वाचवलेले आठ किलो तिथे दिसणार नाहीत. टाकी फुल, डिकी रिकामी, गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेले, माणसं खाली. पावसाळ्यात प्लॅटफॉर्मवर लाल चिखल साचतो. चढण्याआधी काटा शून्यावर आणून घ्या आणि मडगार्डच्या आतली माती धुऊन जा.

आधी फक्त पुढची चाकं चढवा, आकडा लिहा. मग पूर्ण गाडी. मग पुढची उतरवून फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण आकड्याशी एका टप्प्याच्या आत जुळलं पाहिजे. न जुळल्यास गाडी उलट्या दिशेने चढवून पुन्हा मोजा. पुढच्या आकड्याला एकूण वजनाने भागलं की नाकावर किती टक्के भार आहे ते कळतं. चॅलेंजर नाकावर बरीच जड, मस्टँग त्या मानाने सावरलेली. वळणावर पुढून बाहेर ढकलली जाणारी गाडी बहुतेक याच आकड्यात सापडते.

टनाला अश्वशक्ती हे शेवटचं उत्तर नव्हे. चार्जर त्या भागाकारात मागे असूनही उभ्यातून सुटताना झपाट्याने निघते, कारण चारही चाकांना जोर आणि मोटरचा टॉर्क लगेच हजर. वजन बोलतं ते थांबताना. ताशी १०० किमीवरून थांबायला मस्टँगच्या ब्रेकना सुमारे ६७० किलोज्यूल उष्णता पचवावी लागते, चार्जरला १,०२० च्या वर. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना तर दर १०० मीटर उताराला मस्टँगचे १.७ आणि चार्जरचे २.६ मेगाज्यूल. इलेक्ट्रिक गाडी त्यातलं बरंच बॅटरीत परत घेते, पण वरच्या टोकाला बॅटरी फुल असेल तर घेणार कुठे? मग सगळं डिस्क-पॅडवर. घाटाच्या आधी चार्जिंग थोडं कमी ठेवा. पेट्रोल गाडीत खालचा गिअर आधीच टाका.

टायर बदलताना लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) कमी करू नका. भारतातल्या मस्टँगला पुढे २५५/४०, मागे २७५/४०, दोन्ही १९ इंची. साइडवॉलवर ९६ म्हणजे टायरमागे ७१० किलो, १०१ म्हणजे ८२५. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात त्याच मापाचा स्वस्त टायर ‘बसतो की’ म्हणून दाखवतील. रिमवर बसतो, भार पेलतो का ते त्या दोन-तीन अंकी आकड्यावरच वाचा.

फ्लॅटच्या इमारतीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या) असेल तर पॅलेटच्या, म्हणजे गाडी उचलणाऱ्या फळीच्या, पाटीवरची मर्यादा गाडी घेण्याआधी बघा. तिथे २,००० किलो लिहिलं असेल तर चार्जर सोडाच, हेलकॅटसुद्धा अठरा किलोंनी जास्त आहे, तीही ड्रायव्हर आत न बसता.