सशाची लोकर आणि सोनेरी तार: फ्लायचे डबिंग व रिबिंग

‘गोल्ड रिब्ड हेअर्स इअर’ ही ट्राउट माशाच्या गळासाठी इंग्लंडमध्ये रूढ झालेली जुनी फ्लाय, म्हणजे गळावर लोकर-धाग्याने बांधलेली नकली माशी आहे. पाण्यातल्या अळीसारखा दिसणारा तिचा ‘निम्फ’ हा प्रकार बांधताना डबिंग आणि रिबिंग या दोन्ही गोष्टी हाताला बसतात, म्हणून नवशिक्याने सुरुवात हिच्यापासूनच करावी. डबिंग म्हणजे धाग्यावर लोकर वळून फ्लायचे अंग भरणे, आणि रिबिंग म्हणजे त्या अंगावर अंतर राखून तारेचे वेढे देणे.

१२ किंवा १४ नंबरचा गळ, मेणाचा हात दिलेला बारीक तपकिरी धागा आणि बारीक सोनेरी तार घ्यावी. मूळ फ्लायला रानसशाच्या कानाचे व तोंडावरचे केस लागतात. भारतात रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे इथे पाळीव सशाचीच लोकर वापरावी. तिच्यातली मऊ लव धाग्याला धरून राहते आणि राठ केस अळीच्या पायांसारखे बाहेर डोकावतात, म्हणून दोन्ही बोटांनी नीट मिसळून घ्यावेत.

नेढ्यामागून गळाच्या बाकापर्यंत धागा गुंडाळून तिथे चार-पाच राठ केसांची शेपटी बांधावी. तार नुसती बाकापाशी बांधली तर तिथे गाठ येते. ती दांडीला लागून अंगाच्या पूर्ण लांबीभर धाग्याखाली दाबून न्यावी.

आता डबिंग. लोकर चिमटीत येईल त्याच्याही निम्मी घ्यावी, कारण जवळजवळ प्रत्येकाची पहिली फ्लाय फुगते ती इथेच. समईची वात वळताना हात जसा एकाच दिशेने जातो, तशीच अंगठा आणि तर्जनी यांमध्ये लोकर धाग्याभोवती वळावी. बोटे मागेपुढे घासली तर आधी बसलेला पीळ उलगडतो आणि लोकर सैल होऊन गळते. शेपटीकडे ही वात इतकी विरळ असावी की आतला धागा पुसटसा दिसेल, आणि पुढे ती हळूहळू जाड व्हावी. दांडीचा सुमारे दोनतृतीयांश भाग भरला की थांबावे.

तार मात्र लोकरीच्या उलट दिशेने गुंडाळावी. त्याच दिशेने नेल्यास ती लोकरीच्या वेढ्यांमधल्या खाचेत बुडते; उलट नेल्यास प्रत्येक वेढ्याला आडवी छेदून त्याला बांधून ठेवते, आणि ट्राउटच्या दातांनी लोकर तुटली तरी अंग उलगडत नाही. सारख्या अंतराचे पाच वेढे पुरतात. शेवटी धाग्याने तार पक्की करून ती कात्रीने न कापता पुढेमागे वाकवून मुळाशी तोडावी. कात्रीची धारही वाचते आणि बोचरे टोकही उरत नाही.

पुढचा उरलेला भाग, म्हणजे फ्लायची छाती, जाडसर, राठ केस जास्त असलेल्या लोकरीने भरावा, नेढ्यामागे धाग्याची गाठ मारावी आणि त्यानंतरच सुईच्या टोकाने छातीवरचे केस खालच्या बाजूस ओढून मोकळे करावेत. तारेखालचे केस मात्र उकरू नयेत.