घोड्याचा केस भांड्यावर नेमका कधी ठेवायचा

चाकावर भांडं उभं राहतं, घोटाई (कच्चं भांडं घासून चमकवणं) जमते, आणि आता तापलेल्या भांड्यावर घोड्याचा केस जळून उमटतात त्या काळ्या, वेड्यावाकड्या रेघा हव्यात, अशा मंडळींसाठी हे लिहितेय. ग्लेझ लावायचं नाही, ग्रॉग (भाजलेल्या मातीची भरड) घातलेली माती घ्यायची, पहिली भाजणी 900-950 अंशांच्या आसपास थांबवायची, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फार वर गेलात तर घोटाईची चमक जाते.

केस तबेल्यातून मिळतात. खरारा करताना गळालेले मागा. शेपटीचे जाड असतात, त्यांची रेघ ठसठशीत उमटते, आयाळीची नाजूक. शांपूने धुऊन पूर्ण वाळवा.

आता खरी अडचण, जिथे मी फार दिवस अडकून होते. भट्टी 700 अंशांच्या पुढे नेऊन चिमट्याने भांडं बाहेर काढलं, की सगळे घाई करतात. तापमापक भट्टीतली हवा मोजतो, भांड्याची भिंत नाही. फार तापलेल्या भिंतीवर केस भुर्रकन जळतो आणि त्याचा कार्बनही जळून जातो, म्हणजे रेघच नाही. गार झालेल्या भिंतीवर तो वितळून चिकट गोळा होऊन बसतो. साधारण 500 ते 650 अंशांच्या मधली वेळ पकडायची, आणि ती फार थोडी असते. त्यात दुपारच्या उन्हात भांड्याची लाली डोळ्यांना दिसतच नाही. धगधगतं भांडं निवलेलं वाटतं. म्हणून दिवेलागणीला किंवा गडद सावलीत काम करा. लाली विझली, की बुडाजवळ एकच केस टेकवून बघा. तो वळवळला, आक्रसला आणि मागे स्वच्छ काळी रेघ उरली, तर लगेच सुरू करा. नुसता भपका झाला तर थांबा. चिकटायला लागला तर भांडं परत भट्टीत. जबरदस्तीने केस चढवत बसू नका. काठ पातळ असतो, आधी निवतो, म्हणून सुरुवात काठापासून.

गच्चीवर समुद्राचा वारा असेल तर विटांचा आडोसा हवाच. नाहीतर वाऱ्याकडची बाजू आधी गार पडते आणि भांडं तडकतंसुद्धा. तडकलं तरी खचू नका, या कामात भांडी जातातच, चांगल्या हातांचीही जातात.

पावसाळ्यात भाजलेलं भांडंही हवेतली ओल पितं. भट्टी हळूहळू चढवा. मातीच्या सुकण्याबद्दल धारावीच्या कुंभारवाड्यातल्या जुन्या कारागिरांना विचारा. ते हे काम करत नसले, तरी मुंबईच्या दमट हवेत माती कशी वागते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. ज्या वर्कशॉपमध्ये तापलेलं भांडं आयतं समोर येतं आणि आपण फक्त केस ठेवायचे, तिथे पैसे घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. भट्टी स्वतः सांभाळू देणारा गुरू शोधा, रागीट असला तरी चालेल.

नारिंगी छटेसाठी फेरिक क्लोराइड फवारायचा मोह नव्या माणसाने टाळावा. त्याची वाफ घातक असते. साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. केसांचा धूरही उघड्यावरच होऊ द्या, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कारण वास भयंकर येतो.

निवल्यावर राख ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग मेण चोळा. मेणानेही हे भांडं पाणी धरत नाही, जेवणाखाण्याला तर अजिबात नाही. विकताना गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर तसं लिहून द्या.