वडील गेल्यावर पैशांच्या व्यवहारात या चुका टाळा

आमच्या कोरेगाव भागात कुणाचे वडील गेले की दहावं झाल्यावर मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा तोवर मोठी चूक होऊन गेलेली असते. वडिलांच्या एटीएम कार्डावर पैसे काढलेले असतात.

आमच्या घरातही हेच झालं. आप्पा निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते गेल्यावर दवाखान्याचं बिल, मांडव, जेवणं सगळं एकदम अंगावर आलं. धाकट्याला पिन ठाऊक होता. बँकेला कुणीच कळवलं नाही, म्हणून पुढचे चार महिने पेन्शन जमा होत राहिली आणि तीही खर्चली गेली. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते, नंतरची परत करावी लागते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्याची वेळ आली तेव्हा सगळं उघड झालं. वसुली लागलीच, शिवाय आईची कौटुंबिक पेन्शन रखडली. कधी कुणापुढे हात न पसरलेली आई औषधाला आमच्याकडे पैसे मागू लागली. तासगावला दिलेल्या बहिणीने पासबुक पाहून विचारलं, "दादा, आप्पा जाऊन तीन दिवस झाले नव्हते, वीस हजार कुणी काढले?" धाकट्याने स्वतःवर रुपयाही खर्च केला नव्हता. पण लिहून काहीच ठेवलेलं नव्हतं. ती तीन राख्या माहेरी आली नाही.

म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, दाखल्याच्या दहा प्रती घ्या आणि पहिली चक्कर बँकेत मारा. खर्च आपल्या खिशातून करा, वहीत तारखेनिशी लिहा, पावत्या टाचा, भावंडांच्या सह्या घ्या. दुःखात हिशोब कसला, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक ठेव त्याच्या हाती देते, पण हक्क वारसांचाच राहतो. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्या, आणि त्यात बहिणींची नावं घाला. तेराव्याच्या गर्दीत बहिणीपुढे कोरा कागद सहीला सरकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे, आणि ते तिने घरी वाचून, विचार करून करावं.

सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेतली ठेव, साखर कारखान्याचा शेअर विसरू नका. ऊसबिल सभासदाच्या नावावरच निघतं.

मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न करपात्र असेल तर वारसाने आयकराच्या पोर्टलवर नोंदणी करून विवरणपत्र भरायचं असतं.

पासबुकं टाकून देऊ नका. मे-जूनच्या पानांवर ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो. विमा चालू असेल तर त्याचे २ लाख मिळतात, आणि ते मागायला कुणी जातच नाही.